आग्रह नसलेली पंगत

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, बामणोदच्या शिवारात,
आम्ही नऊ जण भरीत खायला जमतो.
पऱ्हाट्यांचा जाळ, हिरवी-पांढरी लांबट वांगी,
आणि कोणी कोणाला नमस्कार करत नाही.

आधी घरची भरीत पार्टी सांगते.
सत्तावीस माणसं, तीन मोबाइल एकाच वेळी गात,
बडगीत मुसळी थड, थड, थड,
तो आवाज माझ्या दाढांत उतरायचा.
मामी वाढायला वाकली की बांगड्या थेट कानाच्या आत.
"घे ना वं. एक घास. माझी शपथ."
शपथ म्हणजे शपथ, असं मला वाटायचं.
मामीच्या जिवाच्या भीतीने मी गिळायची
तो बुळबुळीत घास,
आणि विहिरीमागे जाऊन ओकायची.
लोक म्हणायचे, हिला माणसांचं काही वाटतच नाही.

चौतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी कागद दिला
तेव्हा तीच माणसं म्हणाली,
"ऑटिझम? पण तू तर बोलतेस.
मग गणित पक्कं असेल तुझं.
कुठल्याही तारखेचा वार सांगत असशील."
नाही सांगत.
सातचा पाढा अजून छप्पनपाशी अडतो.
केळीचा घड बघून किती दिवसांत पिकेल ते सांगते,
पण ते सावद्याचा कुठलाही हमाल सांगेल.

"आपल्याच विश्वात असते," म्हणाले.
तुम्ही कोणाच्या विश्वात असता,
एवढंच विचारलं,
तर उद्धट ठरले.

इथे तायडे काका बांधावर पाठ करून बसतात.
पाठ म्हणजे राग नाही. पाठ म्हणजे ऐकतोय.
नुजहत भुसावळहून आपली वाटी, आपला चमचा घेऊन येते,
भरिताला हात लावत नाही,
कळण्याची भाकरी तेल-मिठाशी खाते.
चार वर्षं झाली. का, हे कोणी विचारलेलं नाही.
कपिल पावरा तोंडाने बोलत नाही.
पुठ्ठ्यावर बाराखडी आहे, तिच्यावर बोट ठेवत ठेवत
त्याचं एक वाक्य होईस्तोवर
भाजलेलं वांगं निवतं.
निवू दे.
मागच्या वर्षी त्याने म्हटलं:
शा ळे त मु का म्ह णा य चे.
मी वा ट पा ह त हो तो.
टाळ्या वाजल्या नाहीत, टाळ्या आमच्यात बऱ्याच जणांना सोसत नाहीत.
आम्ही हात हलवले हवेत, पिंपळाच्या पानांसारखे,
ज्या हलवण्यापायी प्रत्येकाने
कधी ना कधी पट्टी खाल्ली होती.

इथे सगळं गोडच असतं असंही समजू नका.
दोन वर्षांपूर्वी वांगी वीस मिनिटं उशिरा आली,
तायडे काका बस धरून निघून गेले,
आणि मी जाळाजवळ बसून रडले.
ठरलं होतं अकरा.

यंदा चोपड्याहून एक बाई आली, सहा वर्षांच्या ओजसला घेऊन.
आल्या आल्या तो ठिबकच्या नळीला कान लावून
मातीत आडवा झाला.
"अरे, कपडे!" मग आमच्याकडे वळून, हळूच,
"हा बरा कधी होईल हो?"

कपिलने पुठ्ठा ओढला. बोट निघालं.
"राहू द्या," बाई म्हणाली, "उगाच त्रास त्यांना."
"थांबा," तायडे काका म्हणाले, पाठ करूनच.
ती थांबली. आधी पदर चाळवत,
मग नुसतीच.
त्या ला न ळी त
का य ऐ कू ये तं?

बाईने तोंड उघडलं, मिटलं.
"हे मी," म्हणाली, "कधी विचारलं नाही."

मग ती गेली,
साडी खोचून नळीच्या दुसऱ्या टोकाशी मातीत आडवी झाली,
कान लावला.
पोराने तिच्याकडे बघितलं नाही,
फक्त जरा सरकून जागा करून दिली.

आम्ही दोघांच्या भाकऱ्या झाकून ठेवल्या.
हाक कोणी मारली नाही.